बिग कंट्रीच्या हिट्सची कॅसेट: एक बाजू दबकी का वाजते, आणि तो बॅगपाइपसारखा गिटारचा आवाज

गंगापूररोड
नमस्कार मंडळी. बिग कंट्री या स्कॉटिश बँडचा 'थ्रू अ बिग कंट्री' हा हिट्सचा संग्रह (१९९०) कॅसेटवर हाताशी आहे. पहिली बाजू स्वच्छ वाजते, दुसरी मात्र गोधडीखालून आल्यासारखी. ही कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायची आहे. तीन गोष्टी विचारायच्यात.

१. दुसऱ्या बाजूचा आवाज दबका का? टेप गेली असं समजायचं का?
२. हा संग्रह ऐकला म्हणजे बँड ऐकून झाला, की मूळ अल्बम घ्यायलाच हवेत?
३. गिटारचा तो बॅगपाइप (स्कॉटिश पिशवीचा पावा) वाजवल्यासारखा आवाज हल्लीच्या साध्या पेडल्सवर, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाच्या खोक्यांवर, कसा काढायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकातल्या रॉकमध्ये इतकं मोकळ्या छातीचं गिटारवादन फार थोड्यांनी केलं, आणि या बँडचं नाव घेतलं की लोक "ते एक गाणं होतं ना त्यांचं?" एवढ्यावर थांबतात.

बी_साइड
धागा काढलात, बरं केलंत. "एक गाणं" हे अमेरिकेच्या यादीवरून पसरलेलं मत आहे. 'इन अ बिग कंट्री' तिथे १७व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्यानंतर त्यांचं एकही गाणं तिथल्या पहिल्या चाळिसात आलं नाही. ब्रिटनमध्ये चित्र अगदी निराळं. 'फील्ड्स ऑफ फायर' दहाव्या, 'चान्स' नवव्या, 'वंडरलँड' आठव्या आणि 'लुक अवे' सातव्या क्रमांकावर. 'स्टीलटाऊन' (१९८४) हा अल्बम थेट पहिला. संग्रह स्वतः दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. हा काही एका गाण्याचा बँड नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हा संग्रह हवाच, कारण त्यातली काही गाणी मूळ अल्बमवर सापडत नाहीत. 'वंडरलँड' हे जानेवारी १९८४चं सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, 'द क्रॉसिंग' (१९८३) आणि 'स्टीलटाऊन' यांच्या मधल्या काळात आलं, ब्रिटनमध्ये निघालेल्या मूळ अल्बमवर ते नाही. 'सेव्ह मी' हे १९९०चं नवं गाणं या संग्रहाबरोबरच आलं. म्हणजे चारही जुने अल्बम घरात असले तरी ही दोन राहतातच.

एक तपासा. 'इन अ बिग कंट्री' अल्बमवर पावणेपाच मिनिटांच्या आसपास आहे, सिंगलसाठी कापलेलं चार मिनिटांच्या आत संपतं. तुमच्या कॅसेटवर कोणतं आहे ते घड्याळ लावून बघा. स्ट्रीमिंगवर एकाच गाण्याच्या चार-पाच नोंदी दिसतात, त्यातही लांबीवरूनच ओळखायचं.

सातपूर_एमआयडीसी
बी_साइड, आकडे बरोबर आहेत, पण "संग्रह हवाच" आणि "संग्रह पुरे" यात फरक आहे. सिंगल्सवर बेतलेल्या संग्रहात 'स्टीलटाऊन'चा कणाच निसटतो. त्या अल्बमचं शीर्षकगीत सिंगल म्हणून निघालंच नाही. विषय कॉर्बी गावाचा. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरमधलं हे गाव, पोलादाच्या कारखान्यासाठी स्कॉटलंडमधून माणसं तिथे येऊन वसली आणि १९८०च्या सुमारास तिथल्या भट्ट्याच बंद झाल्या. गाव सोडून कारखान्याच्या भोंग्यावर आयुष्य बांधलेली माणसं कशी असतात हे आपल्या नाशिकच्या कारखान्यांच्या भागातल्या, सातपूर-अंबडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको. ते गाणं ऐकल्याशिवाय हा बँड फक्त डोंगरदऱ्यांचं गाणारा वाटतो, आणि तो अन्याय आहे.

ऐकताना एक अडचण येते. हा अल्बम स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत, म्हणजे अब्बाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता 'द क्रॉसिंग'चाच, स्टीव्ह लिलीव्हाइट. गिटारवर गिटार इतकी रचली आहे की छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर सगळ्याची खिचडी होते. हेडफोनवर ऐका, डावा-उजवा गिटारवाला वेगळा धरा, मग मांडणी उलगडते.

मेघना_कॅनडाकॉर्नर
सातपूरदादा, पहिल्याच दिवशी 'स्टीलटाऊन' हातात दिला तर नवा माणूस पळून जाईल. आधी संग्रह, मग 'द क्रॉसिंग', मग 'स्टीलटाऊन'. 'द सीअर' (१९८६) चौथ्या पायरीला, त्याच्या शीर्षकगीतात गायिका केट बुशचा आवाज आहे. १९८८चा 'पीस इन अवर टाइम' शेवटी, तो बराच गुळगुळीत केलेला आहे.

अझिमथ
पहिल्या प्रश्नाकडे येतो. टेप गेली असं इतक्यात म्हणू नका.

आधी एक सांगा: डेक ऑटो-रिव्हर्स आहे का? म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजते का? तसं असेल तर संशय कॅसेटवर नंतर, डेकवर आधी.

कारण असं. कॅसेटची टेप ३.८१ मिमी रुंद, त्यावर चार पट्ट्या, दोन या बाजूच्या आणि दोन त्या. टेप वाचणाऱ्या हेडमधली फट टेपच्या चालीला बरोबर काटकोनात असावी लागते, यालाच अझिमथ म्हणतात. हा कोन अंशाच्या छोट्याशा भागाने जरी हलला तरी वरचे स्वर, म्हणजे झांजा, 'स'कार, गिटारची धार, सगळं आधी जातं. खालचे स्वर तसेच राहतात, म्हणून आवाज गोधडीखालचा वाटतो. ऑटो-रिव्हर्समध्ये टेप दोन्ही दिशांना धावते आणि बऱ्याच डेकमध्ये हेड गोल फिरतं, त्यामुळे दोन दिशांचे अझिमथ स्क्रू वेगळे असतात. एक दिशा जुळलेली आणि दुसरी हललेली हा अगदी नेहमीचा प्रकार.

तपासणी सोपी आहे. कॅसेट बाहेर काढा, हाताने उलटा आणि 'दुसरी' बाजू पुढच्या दिशेने वाजवा. आवाज उघडला तर दोष डेकच्या उलट्या दिशेत. तरीही दबकाच राहिला तर दोष कॅसेटमध्ये: खोकं वाकलेलं, टेप तिरकी धावणारी किंवा त्या बाजूचं रेकॉर्डिंगच तिरकं.

प्रेशर पॅड पडलं असेल असं कुणीतरी सांगेलच. ती पितळी पट्टीवरची नमद्याची गादी दोन्ही बाजूंना एकच असते. ती पडली की सहसा दोन्ही बाजू बिघडतात आणि आवाज येतो-जातो. तुमची पहिली बाजू स्वच्छ आहे, म्हणून तो संशय मागे ठेवा.

देवळाली_रेडिओ
उतरवण्याआधीची सफाई, क्रमाने.

हेड, कॅपस्टन म्हणजे ती चकचकीत बारीक दांडी, आणि टेपच्या वाटेतला प्रत्येक धातूचा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाच्या काडीवर तपकिरी रंग येणं बंद होईपर्यंत. मेडिकलमधलं स्पिरिट चालेल का असं लोक विचारतात: त्यात पाणी असतं, कधी तेलकट काही असतं, नको. एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयसोप्रोपिल मिळतं.

पिंच रोलर, म्हणजे टेप कॅपस्टनवर दाबणारं चाक, रबराचा असतो. त्याला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं, म्हणून साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा. ऑटो-रिव्हर्समध्ये पिंच रोलर दोन असतात. उलट्या दिशेचा हमखास विसरला जातो, आणि टेप खाल्ली जाते ती तिथेच.

मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळलेली टेप यामुळे सुटी होते आणि वेग हलत नाही.

पावसाळी
नाशिकचा पावसाळा विसरू नका. टेपच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर कॅसेट डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. खोक्याच्या खिडकीतून टॉर्च मारून आधी बघायचं. बुरशीवाली कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पंधरा दिवस कोरडी करा, मग वेगळ्या, फेकायच्या लायकीच्या डेकवर हळू पळवत मऊ कापडाने टेप पुसा. आणि मोठं उतरवण्याचं काम असेल तर निफाडची थंडी पडू द्या. डिसेंबरच्या कोरड्या हवेत हे काम निम्म्या त्रासात होतं.

मिसळ_रविवारी
धाग्यात कॉर्बी आलं, स्टॉकहोम आलं, निफाडची थंडी आली. एक रविवार ठरवा, झणझणीत मिसळ आणि पूर्ण 'द क्रॉसिंग'. रस्सा दुसऱ्यांदा येईपर्यंत पहिली बाजू संपते.

खमाज
तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण यावर बरंच अर्धवट सांगितलं जातं. "डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) लावा, झालं" असं नाही.

बँडचे दोन गिटारवाले स्टुअर्ट अॅडमसन आणि ब्रूस वॉटसन यांच्या आवाजामागे उपकरणं होती एमएक्सआर पिच ट्रान्सपोझर (स्वर वर-खाली सरकवणारा, म्हणजे पिच शिफ्टर) आणि ई-बो (तार चुंबकाने हलती ठेवणारं हातातलं उपकरण). पण उपकरणाआधी पाइप काय करतो ते बघा. हायलंड पाइपच्या वाजवायच्या नळीवर नऊ स्वर असतात. श्वास पिशवीत साठलेला असल्यामुळे दोन स्वरांत खंड पडतच नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये निसटता कणस्वर घालावा लागतो. खाली ड्रोन अखंड चालू, आपल्या सनईत एक जण नुसता सूर धरून बसतो तसा. सप्तकाची ठेवण साधारण खमाज थाटाची: सगळे शुद्ध, निषाद कोमल.

आता हे गिटारवर आणू.

स्वर तोडायचा नाही. प्रत्येक स्वराला पिक मारू नका, एक पिक आणि पुढचे दोन-तीन स्वर डाव्या हाताच्या हॅमर-ऑन, पुल-ऑफने, म्हणजे तारेवर बोट आपटून किंवा ओढून सोडून. कणस्वर वरून घ्या आणि झटकन सोडा. बोट हलवून कंप देऊ नका. पाइपचा स्वर सरळ उभा असतो, ब्लूजसारखा हलवला की सगळी जादू जाते.

ड्रोनसाठी मोकळी तार. डी-मध्ये वाजवताना चौथी तार मोकळी ठेवा आणि चाल तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर घ्या.

पिच शिफ्टर असेल तर आधी एक सप्तक वर, म्हणजे १२ अर्धस्वर. मूळ आवाज ६५, सरकवलेला ३५ या प्रमाणापासून सुरू करा. सप्तकात चूक होतच नाही. पंचम किंवा मध्यमाचं अंतर लावलं की भानगड सुरू होते. साधा शिफ्टर अंतर ठरावीक धरतो, त्याला थाट कळत नाही. ७ अर्धस्वर वर ठेवले तर तुम्ही शुद्ध गंधार वाजवलात की वर शुद्ध निषाद येतो आणि तो कोमल निषादाशी भांडतो. ५ अर्धस्वर ठेवले तर बाकी सगळे स्वर थाटात बसतात, फक्त कोमल निषादावर वर कोमल गंधार येतो. म्हणून ५वर ठेवा आणि कोमल निषाद आला की पेडल पायाने बंद करा. चालीत तो क्वचितच येतो, दोन दिवसांत पाय बसतो. 'इंटेलिजंट' हार्मोनी असलेलं पेडल असेल तर त्याला सूर आणि सप्तक दोन्ही सांगावं लागतं. नुसता मेजर सांगितलात तर निषाद पुन्हा चुकेल.

पेडलांच्या साखळीचा क्रम: कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), पिच शिफ्टर, थोडं ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारं), मग डिले. ओव्हरड्राइव्ह आधी लावलं तर शिफ्टरला एकच स्वच्छ स्वर पकडता येत नाही आणि आवाज घोगरतो. डिले ३५० मिलिसेकंदांच्या आसपास, दोन पुनरावृत्ती, आवाजात मूळच्या पाव हिस्सा.

ऋतू_गिटार
खमाजदादा, ई-बो घ्यावं का? आणि दोन तारा एकत्र वाजतात का त्यावर?

खमाज
नाही, एका वेळी एकच तार. शेजारच्या दोन तारांवर त्याच्या खाचा टेकतात आणि मधली तार चुंबकीय क्षेत्राने हलत राहते. पोलादी तार लागते, नायलॉनवर उपयोग शून्य. ९ व्होल्टची बॅटरी बसते, ती उतरली की जाड तारा आधी उठेनाशा होतात. पिकअपच्या, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या चुंबकाच्या, जवळ नेलं की आवाज एकदम मोठा होतो, लांब नेलं की बासरीसारखा. ही ये-जा हातात बसली की निम्मं काम झालं. नवशिक्यांची चूक म्हणजे स्वर लगेच हवा असतो. तार पूर्ण हलायला क्षणभर लागतो, म्हणून डाव्या हाताने हलकेच हॅमर करून तिला जागं करा. आणि दोघं गिटारवाले असाल तर शिफ्टरचं हे गणितच नको, दुसऱ्याने थाटातलाच वरचा स्वर वाजवावा. तेच जास्त गोड लागतं.

ताशावाला_पंचवटी
सगळे गिटारवर बोलताय, ड्रमवाल्या मार्क ब्रझेझिकीबद्दल कुणी बोलेना. 'इन अ बिग कंट्री'च्या सुरुवातीला स्नेअर ऐका, ती पलटणीच्या संचलनाची चाल आहे. आपल्या नाशिक ढोलाच्या कानाने ऐकलं तर लगेच कळतं: स्नेअर हा ताशा, मोठे टॉम हे ढोल. ताशावाला बारीक काड्यांनी आवाज न तोडता लड धरतो आणि ढोलाचं टिपरू फक्त वजनाच्या जागी पडतं. ब्रझेझिकी तेच एकटा करतो. वाजवून बघायचं असेल तर स्नेअर नेहमीपेक्षा घट्ट ताणा, लडीत प्रत्येक काडीला दोन ठोके उसळू द्या, आणि जोर ठोक्याच्या आधी देऊ नका. बहुतेक जण लड वाजवता वाजवता वेग वाढवतात आणि सगळी पलटण पळायला लागते. मेट्रोनोमवर आधी निम्म्या वेगात बसवायचं.

सातपूर_एमआयडीसी
ताशावाला, वाह. आता ते गाणं दुसऱ्या कानाने ऐकणार.

गंगापूररोड
सगळ्यांचे मनापासून आभार. अझिमथदादा, डेक ऑटो-रिव्हर्सच आहे. कॅसेट हाताने उलटून लावली आणि दुसरी बाजू पूर्ण उघडली, झांजा लख्ख. म्हणजे टेप शाबूत. आता उलट्या दिशेचा स्क्रू फिरवू का?

अझिमथ
उतरवायचं एवढंच काम असेल तर मुळीच नको. दोन्ही बाजू पुढच्याच दिशेने वाजवा, कॅसेट हाताने उलटा, विषय संपला.

पुढच्या दिशेतही या कॅसेटपुरतं बारीक जुळवायचं असेल तर: स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन मूळ जागा नोंदवा. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) बंद. आवाज मोनो करा, कारण दोन्ही पट्ट्या एकमेकींत मिसळल्या की कोनाची चूक कानाला लगेच कळते. झांजा असलेला भाग लावून चुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने अगदी सावकाश, एका वेळी वळशाचा आठवा भाग. सगळ्यात उघडा आवाज जिथे मिळेल तिथे थांबा. मग डॉल्बी. खोक्यावर दुहेरी 'डी'ची खूण असेल तर डॉल्बी बी लावा. क्रम महत्त्वाचा: वरचे स्वर आधीच दबलेले असताना डॉल्बी लावलं तर ते उरलेसुरलेही कापतं, आणि लोक दोष डॉल्बीला देतात. काम झालं की स्क्रू ठिपक्यावर परत.

खोक्याच्या वरच्या कडेला क्रोम टेपची खूण असलेल्या जादा खाचा असतील आणि डेक आपोआप ७० मायक्रोसेकंद (वरचे स्वर किती कमी करायचे याची सेटिंग) धरत असेल, तर कव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. क्रोम टेपवरच्या कित्येक विकत्या कॅसेटी १२० मायक्रोसेकंदांवर भरलेल्या असायच्या, त्या ७०वर वाजवल्या की पुन्हा दबक्या वाटतात.

देवळाली_रेडिओ
जोडणीही सांगून टाकतो. डेकच्या मागच्या लाइन आउटमधून यूएसबी इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या भोकात नको: तिथे माइकचं इनपुट असतं, बहुतेक मोनो, आणि मोठ्या आवाजाला फाटतं. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा भाग आधी वाजवून पातळी उणे ६ डेसिबलवर बसवा. एका तासाला साधारण १ जीबी वेव्ह फाइल होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) केली की त्याहून बरीच लहान. पूर्ण बाजू एकाच फाइलमध्ये घ्या, तुकडे नंतर.

वेग तपासायला तेच गाणं स्ट्रीमिंगवर लावा. डेक १ टक्का जास्त वेगात असेल तर सूर १७ सेंट चढतो, ३ टक्के असेल तर जवळजवळ पाव स्वर. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्तीत 'चेंज स्पीड') वापरा, 'चेंज टेम्पो' नको, त्याने सूर तसाच राहतो.

बी_साइड
आता मुळात उतरवावं का, हे कुणीच बोललं नाही. 'द क्रॉसिंग'ची २०१२ची आणि 'स्टीलटाऊन'ची २०१४ची दोन सीडींची आवृत्ती आहे, त्या कॅसेटपेक्षा निःसंशय स्वच्छ. सगळी कॅसेट उतरवायचा खटाटोप तुमच्या कॅसेटवर वेगळी लांबी किंवा वेगळं मिश्रण असेल तरच करा.

गंगापूररोड
घड्याळ लावलं. 'इन अ बिग कंट्री' कापलेलं आहे, चार मिनिटांच्या आत. म्हणून ते आणि 'वंडरलँड' एवढीच दोन उतरवतो, बाकीचं सीडीवरून. कव्हरवर दुहेरी 'डी' आहे आणि १२० लिहिलंय, खाचा मात्र क्रोमच्या आहेत. डेकवर हाताने बदलायचं बटण नाही. मग?

अझिमथ
खाचांवर साध्या सेलोटेपचा छोटा तुकडा सपाट चिकटवा, डेकची सेन्सर पिन आत जाणार नाही आणि तो १२० धरेल. फक्त जादा खाचा झाका. तुकडा खोक्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर कॅसेट निघताना अडकते. दोन्ही बाजूंना लावा, कारण आता कॅसेट हाताने उलटायची आहे.